निपचित पडलेला रुग्ण ऐकत असेल तर?

अपघातानंतर ५ महिने कोणताही प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला केंब्रिजच्या संशोधकांनी एमआरआय यंत्रात ‘टेनिस खेळत असल्याची कल्पना करा’ असे सांगितले. शरीर हलले नाही; पण मेंदूतील हालचालींचे नियोजन करणारा भाग निरोगी माणसासारखाच जागा झाला. हे २००६ साली प्रसिद्ध झाले. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात बाहेरून प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने सूचना पाळल्याचे एमआरआय वा ईईजीवर दिसले.

ही तपासणी प्रत्येक रुग्णालयात नसेल. पण रुग्णाला नावाने हाक मारायला यंत्र लागत नाही. त्याच्या उशाशी खर्चाची, ‘आता काही उरले नाही’ अशी चर्चा टाळावी. शुद्धीची तपासणी पुन्हा पुन्हा करावी. तो ऐकतो आहे, असे धरूनच वागावे.