मासा मेला तर पंचनामा, तळातल्या किड्याचं काय?



पावसाळा लागला की मन्नाएखेळ्ळीच्या शिवारात सोयाबीन, तूर, उसात तणनाशकाचे पंप फिरू लागतात. जोराचा पाऊस झाला की त्यातलं काही ओढ्यानं वाहत तळ्यात येतं. मासे तरंगले तर आरडाओरडा होतो, पंचनामा होतो. पण मासे तरंगले नाहीत म्हणजे सगळं ठीक, हे आम्हाला पटत नाही.

मृगळ आणि सायप्रिनस तळाशी चरतात. गाळातले बारीक किडे, अळ्याही त्यांच्या खाण्यात असतात. थोड्या औषधानं किडा लगेच मरतोच असं नाही. त्याची वाढ खुंटू शकते, अंडी कमी पडू शकतात. शिवाय तणनाशकानं पाण्यातलं शेवाळ गेलं की किड्यालाही उपास. २०१५ मध्ये ऑस्ट्रियातल्या शास्त्रज्ञांचा एक प्रयोग छापून आला. ग्लायफोसेटचं औषध मारल्यावर जमिनीतल्या एका जातीच्या गांडुळांची पैदास तीन महिन्यांत ५६ टक्क्यांनी घटली होती. गाळातले काही किडे या गांडुळांचेच भाऊबंद.

हे तळ्यावर थांबत नाही. कारंजा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला, गोदावरी समुद्राला. ऑस्ट्रेलियात उसावरचं डाययुरॉन नद्यांतून वाहत प्रवाळाच्या समुद्रापर्यंत गेलं. २०१२ मध्ये तिथल्या सरकारनं त्याच्या वापरावर बंधनं घातली. समुद्राच्या चिखलातही असेच किडे असतात, आणि त्यांच्यावरही मासे जगतात.

शेतकऱ्याशी आमचं भांडण नाही. आमच्यातले बरेच जण शेतीच करतात. खुरपणीला माणूस मिळत नाही, हेही कळतं. म्हणून मागणं साधंच आहे:

– पंप आणि रिकामे डबे तळ्यात, ओढ्यात धुऊ नका.
– आभाळ भरून आलं असेल तर फवारणी पुढे ढकला.
– ओढ्याकाठी चार पावलं गवताची पट्टी राहू द्या.

आणि मत्स्य खात्यानं मासे मेल्यावरच पाणी तपासू नये. पावसाळ्याआधी आणि नंतर तळाचा गाळही तपासावा.

ठेका भरला, बोटुकली सोडली, तरी मासा वजन धरत नसेल, तर दरवेळी बीजालाच दोष देऊन भागणार नाही. तळ्याचं ताट तळाशी आहे. ते रिकामं होतंय का, हे आधी बघायला पाहिजे.

पटलं तर आपल्या गावच्या ग्रुपवर पाठवा.