मृत्यूचे चित्रण : न्यायालयासाठी पुरावा की प्रेक्षकांसाठी दृश्य?

मुंबई : अभिनेता सुशांतसिंह राजपूत याचा मृतदेह १४ जून २०२० रोजी वांद्रे येथील निवासस्थानी आढळला आणि त्याच दिवशी त्या मृतदेहाची छायाचित्रे लाखो भ्रमणध्वनींवर पोहोचली. महाराष्ट्र सायबर विभागाला त्याच दिवशी जाहीर आवाहन करून, ही छायाचित्रे पुढे पाठविणे कायद्याच्या विरोधात असून संबंधितांवर कारवाई होऊ शकते, असा इशारा द्यावा लागला. छायाचित्रे मात्र थांबली नाहीत. काही वृत्तवाहिन्यांनीही ती दाखविली. वाहिन्यांच्या स्वनियमन यंत्रणेने त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये काही वाहिन्यांना एकूण वार्तांकनाबद्दल क्षमायाचना प्रसारित करण्यास सांगितले, तोवर प्रेक्षक पुढच्या विषयाकडे वळले होते.

ख्यातनाम व्यक्तीच्या मृत्यूचे चित्रण सार्वजनिक करावे काय, हा प्रश्न तेव्हापासून वारंवार उभा राहत आला आहे. गोव्यात ऑगस्ट २०२२ मध्ये अभिनेत्री व भाजप नेत्या सोनाली फोगाट यांचा मृत्यू झाला. त्यांच्या अखेरच्या रात्रीचे हणजूण येथील उपाहारगृहातील सीसीटीव्ही चित्रण, तपास चालू असतानाच, देशभरातील वाहिन्यांवर दिवसभर फिरत राहिले. गायक झुबीन गर्ग यांचा १९ सप्टेंबर २०२५ रोजी सिंगापूरमध्ये मृत्यू झाल्यावर ते पाण्यात उतरत असल्याची ध्वनिचित्रफीत तासाभरात घरोघरी पोहोचली. प्रत्येक वेळी दोन बाजू मांडल्या गेल्या. लोकांना सत्य जाणण्याचा अधिकार आहे, ही एक; मृत व्यक्तीची अप्रतिष्ठा होते, ही दुसरी. दोन्हींत तथ्य आहे. म्हणूनच या वादाचा निकाल घोषणांनी लागत नाही.

या वादात मराठी समाजाला सोवळेपणाचा आव आणता येणार नाही. मृताचे मुख पाहणे आपल्याकडे निषिद्ध नाही. उलट ते कर्तव्य मानले जाते. लता मंगेशकर यांचे ६ फेब्रुवारी २०२२ रोजी निधन झाले, तेव्हा शिवाजी पार्कवरील अंत्यसंस्कार कोट्यवधी लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिले आणि त्यात कोणालाही काही गैर वाटले नाही. बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्यदर्शनालाही नोव्हेंबर २०१२ मध्ये जनसागर लोटला होता. अंत्यदर्शनात देहाला स्नान घातलेले असते, वस्त्र नेसविलेले असते, फुले वाहिलेली असतात. आणि मुख्य म्हणजे तो देह लोकांसमोर केव्हा व कसा ठेवायचा, हे घरच्यांनी ठरविलेले असते. घटनास्थळी कोणा कर्मचाऱ्याने वा आगंतुकाने घाईत काढलेल्या छायाचित्रात यातले काहीच नसते. देह एकच असला, तरी तो कोणाच्या अनुमतीने आणि कोणत्या अवस्थेत समोर येतो, यावर दर्शन आणि विटंबना यांतील सीमारेषा ठरते.

तरीही, मृत्यूचे चित्रण कधीच दाखवू नये असा सरसकट नियम केला, तर बीड जिल्ह्यातील मस्साजोग येथे तो अडखळतो. सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून त्यांची हत्या करण्यात आली. प्रकरणाचे मूळ पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीत असल्याचे तपास यंत्रणेने आरोपपत्रात म्हटले आहे. ही हत्या आधीच राज्यभर गाजत होती. मोर्चे निघत होते, विधिमंडळात प्रश्न विचारले जात होते. मारहाण करणाऱ्यांनीच टिपलेली आणि आरोपपत्राचा भाग असलेली छायाचित्रे मार्च २०२५ च्या आरंभी माध्यमांतून बाहेर आली आणि त्यानंतर अवघ्या काही तासांत, ४ मार्च रोजी, मंत्री धनंजय मुंडे यांना राजीनामा द्यावा लागला. मुंडे यांनी त्यामागे प्रकृतीचेही कारण दिले. तथापि जवळपास तीन महिने शब्दांनी जे साधले नव्हते ते छायाचित्रांनी एका रात्रीत साधले, हे नाकारता येत नाही. ती छायाचित्रे कपाटात राहिली असती, तर राजकीय उत्तरदायित्वाचा प्रश्न इतक्या तीव्रतेने ऐरणीवर आला असता काय, असे विचारणाऱ्यांना सहज गप्प करता येणार नाही.

या उदाहरणाची दुसरी बाजू मात्र अधिक अस्वस्थ करणारी आहे. ती छायाचित्रे कोणा पत्रकाराने वा साक्षीदाराने टिपलेली नव्हती. छळ करणाऱ्यांनी ती स्वतःच्या समाधानासाठी, कदाचित दहशतीसाठी, टिपली होती. ती जशीच्या तशी प्रसारित करणे म्हणजे त्यांनी योजलेला अपमान त्यांच्या वतीने पूर्णत्वास नेणे होय. ज्या घरातील कर्ता पुरुष गेला, त्या घराला न्यायासाठी या छायाचित्रांचा उपयोग झाला आणि त्याच छायाचित्रांनी त्या घरचे दुःखही चव्हाट्यावर मांडले. अनेक वृत्तपत्रांनी छायाचित्रांतील काही भाग धूसर केला, काहींनी केवळ वर्णन दिले. वर्णन देणाऱ्यांची बातमी कमी परिणामकारक ठरली, असे दिसले नाही. आरोपपत्रात काय आहे हे लोकांना कळणे आवश्यक होते. प्रत्येक आघाताचे दृश्य समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा चालविणे आवश्यक नव्हते.

पुराव्याचे सामर्थ्य दृश्याशिवायही टिकते, याची साक्ष छत्तीसगडमध्ये सापडते. बोरसी, हुडको ही भिलाई-दुर्ग परिसरातील वस्त्यांची नावे. कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे हुडको येथील घरी, झोपेत असताना, खिडकीतून गोळ्या झाडून हत्या झाली. त्या क्षणाचे कोणतेही चित्रण नाही. नियोगी यांनी आपल्या जिवाला असलेल्या धोक्याविषयी आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेली फीत मात्र मागे राहिली, आणि ती न्यायालयीन लढाईचा भाग झाली. दुर्ग येथील सत्र न्यायालयाने १९९७ मध्ये दिलेल्या शिक्षा उच्च न्यायालयात टिकल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००५ मध्ये केवळ मारेकरी पलटण मल्लाह यास दोषी धरले. निकालाविषयी कामगारांच्या मनात आजही खंत आहे. परंतु नियोगींची स्मृती पोलाद आणि खाण कामगारांमध्ये टिकली ती त्यांच्या आवाजामुळे आणि कामामुळे. रक्ताळलेल्या देहाचे चित्र त्यासाठी लागले नाही.

विदेशातील सर्वांत परिचित उदाहरण अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचे. एब्राहम झॅप्रुडर या हौशी छायाचित्रकाराने २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये टिपलेली चित्रफीत ‘लाइफ’ नियतकालिकाने विकत घेतली. ती राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर मार्च १९७५ मध्ये प्रथम दिसली. या विलंबाने संशयाला खतपाणी घातले आणि पुढच्याच वर्षी प्रतिनिधीगृहाने हत्येच्या फेरतपासासाठी समिती नेमली. याउलट ऑस्ट्रेलियाचे वन्यजीव निवेदक स्टीव्ह आयर्विन यांना सप्टेंबर २००६ मध्ये स्टिंग-रे माशाने केलेला प्राणघातक आघात कॅमेऱ्यात टिपला गेला होता, तरी ते चित्रण आजवर प्रसारित झालेले नाही. त्यामुळे जगाचे काही अडले नाही. एका प्रकरणात राज्यकर्त्याची हत्या व शासनाची विश्वासार्हता पणाला होती. दुसऱ्यात अपघात होता आणि शोकाकुल कुटुंब होते. प्रसिद्धी दोघांची सारखी असली, तरी लोकहिताचे माप सारखे नव्हते. गायक केके यांचे कोलकात्यातील ३१ मे २०२२ च्या कार्यक्रमाचे चित्रण या दोहोंच्या मध्ये बसते: सभागृहातील गर्दी आणि उकाडा यांवर त्यामुळे रास्त प्रश्न उभे राहिले, मात्र तेच चित्रण संगीताच्या सुरांत गुंफून शोकप्रदर्शनासाठीही वापरले गेले.

भारतीय कायदा या ठिकाणी विस्कळीत आहे. राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील प्रतिष्ठेचा अधिकार मृतदेहालाही लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९९५ मध्ये म्हटले. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये राजपूत प्रकरणातील वार्तांकनावर निर्णय देताना, आत्महत्येच्या वृत्तात मृताच्या खासगीपणात शिरकाव करू नये, असे माध्यमांना बजावले. परंतु जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने राजपूत यांच्या वडिलांच्या याचिकेवर, खासगीपणाचा अधिकार व्यक्तीबरोबरच संपतो व वारसाकडे जात नाही, असे मत दिले. म्हणजे प्रतिष्ठा देहाला आहे, पण तिच्या वतीने दाद मागणारा मान्य वारस नाही. माहिती व प्रसारण मंत्रालयाने क्रिकेटपटू ऋषभ पंत याच्या अपघातानंतर ९ जानेवारी २०२३ रोजी वाहिन्यांना सूचनापत्र धाडले. जखमीचे रक्तबंबाळ दृश्य धूसर न करता दाखविल्याचे उदाहरण त्यात होते. ते वाहिन्यांना उद्देशून होते. छायाचित्राचा पहिला प्रवास मात्र वाहिनीपासून सुरू होत नाही. तो घटनास्थळ, रुग्णवाहिका, शवविच्छेदन कक्ष किंवा तपासाची कागदपत्रे येथून सुरू होतो.

कॅलिफोर्नियाने नेमके तेथेच बोट ठेवले. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट याचा २६ जानेवारी २०२० रोजी हेलिकॉप्टर अपघातात मृत्यू झाल्यावर घटनास्थळी पोहोचलेल्या पोलीस व अग्निशमन कर्मचाऱ्यांनी अवशेषांची छायाचित्रे काढून आपसांत फिरविली. ज्युरीने ऑगस्ट २०२२ मध्ये ब्रायंटच्या पत्नीस व अन्य एका कुटुंबास मिळून ३ कोटी १० लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. तत्पूर्वी, १ जानेवारी २०२१ पासून, कर्तव्याबाहेर मृताचे छायाचित्र काढणाऱ्या बचाव कर्मचाऱ्यास शिक्षा करणारा कायदा तेथे लागू झाला होता. त्यात पत्रकारावर बंधन नाही, नागरिकाच्या जाणण्याच्या अधिकारावरही नाही. महाराष्ट्राला असा मर्यादित कायदा करण्यास अडचण दिसत नाही. आरोपपत्रातील चित्रण कोणाच्या हाती, कोणत्या टप्प्यावर आणि कुटुंबास आधी कळवून द्यावे काय, याचे नियम मात्र न्यायालयांनाच घालून द्यावे लागतील. मस्साजोगच्या प्रकरणानंतर ती निकड अधिकच स्पष्ट झाली आहे.