दिल्लीकडे जाणाऱ्या वाटा



महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ आणि राज्यसभेवर १९ असे एकूण ६७ प्रतिनिधी दिल्लीस जातात. निवडणुकीच्या धामधुमीत त्यांचा पक्ष, त्यांची जात आणि त्यांचे मताधिक्य यांची चर्चा गावोगावच्या पारावर इतकी रंगते की, संसदेची पायरी चढण्यापूर्वी ही माणसे आयुष्यभर काय करीत होती, हा साधा प्रश्न मागे पडतो. दिवाळीचा अंक वाचक निवांतपणे हाती घेतो, आणि निवांतपणाखेरीज ज्यांचा विचार होत नाही अशा प्रश्नांपैकी हा एक. म्हणून यंदाच्या अंकाच्या आरंभी तो मांडावा, असे आम्हांस वाटले.

राज्यघटनेने लोकसभेच्या उमेदवारास वयाची २५ वर्षे आणि राज्यसभेच्या उमेदवारास ३० वर्षे पुरी असावीत असे म्हटले. पदवीची अट मात्र कोठेही घातली नाही. ज्या देशात कोट्यवधींना अक्षराची ओळखही नाकारली गेली होती, तेथे हेच न्यायाचे होते. परंतु अट नाही म्हणून पूर्वायुष्याला मोल नाही, असे होत नाही. कायद्याच्या मसुद्यात जंगल, कालवा, गिरणी, कचेरी आणि रेशनचे दुकान यांविषयी जे लिहिलेले असते, त्यातले उणे काय ते त्या जागी उन्हातान्हात उभ्या राहिलेल्या माणसास जितके चटकन दिसते, तितके ते निव्वळ हुशारीने दिसत नाही.

पहिल्या दोन-तीन लोकसभांमध्ये या मुलखातून गेलेली माणसे पाहावीत. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १९५२ साली कुलाब्यातून निवडून आले आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देऊन मोकळे झाले. तलाठ्याची नोकरी सोडून १९३० च्या कायदेभंगात उतरलेले आणि पुढे साताऱ्याच्या प्रतिसरकारचे अध्वर्यू ठरलेले क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ साली उत्तर साताऱ्यातून आणि १९६७ साली बीडमधून लोकसभेत गेले. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात तावूनसुलाखून निघालेले दादासाहेब गायकवाड १९५७ साली नाशिकचे खासदार झाले आणि त्यानंतरही भूमिहीनांच्या सत्याग्रहाचे नेतृत्व करीत राहिले. गिरणगावातील कामगारांची संघटना बांधणारे कॉम्रेड डांगे त्याच वर्षी मुंबईतून गेले. सनदी नोकरी, तलाठ्याचे दफ्तर, मंदिराचा बंद दरवाजा आणि गिरणीचा भोंगा, इतक्या निरनिराळ्या अनुभवांना एकाच सभागृहात वाणी मिळाली, ही त्या काळाची श्रीमंती होती.

कोकणाने तर राजापूर मतदारसंघातून एकापाठोपाठ एक असे दोन संसदपटू दिले. बॅरिस्टर नाथ पै यांनी १९६७ साली गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार पुनःप्रस्थापित करणारे खाजगी विधेयक मांडले. १९७१ च्या जानेवारीत त्यांचे अकाली निधन झाले आणि त्याच वर्षीच्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने तो विचार घटनेत आला. त्यांच्या जागी आलेले मधु दंडवते हे मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणारे प्राध्यापक. राजापूरने त्यांना सलग पाच वेळा निवडून दिले, आणि १९७७ साली रेल्वेमंत्री झाल्यावर दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर गादी घालण्याचा निर्णय त्यांनी घेतला. सामान्य उतारूच्या पाठीला रात्रभर काय सोसावे लागते, हे ठाऊक असणारा मंत्रीच असा निर्णय घेतो. १९७७ च्याच निवडणुकीत वैद्यकीय शिक्षण सोडून गोरेगावच्या वस्त्यांतून पाण्यासाठी झगडलेल्या मृणाल गोरे मुंबईतून, आणि तलासरीकडील आदिवासी चळवळीतून पुढे आलेले लहानू कोम डहाणूतून लोकसभेत पोहोचले.

मराठी माणसाच्या संसदीय कर्तृत्वास प्रांताची सीमाही आड आली नाही. पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष दादासाहेब मावळंकर हे अहमदाबादचे वकील. सोळाव्या लोकसभेच्या अध्यक्षा सुमित्रा महाजन यांचा जन्म चिपळूणचा, पण इंदूरने त्यांना आठ वेळा निवडून दिले. आणि गोवा मुक्तिसंग्रामात पोर्तुगीजांचा तुरुंग भोगलेले पुण्याचे मधु लिमये बिहारमधील मुंगेर आणि बांका येथून गेले. कर्तृत्व पाहून परक्या मुलखातील मतदारही आपला कौल देतो, याचा याहून बोलका दाखला नाही.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, सहकारी साखर कारखान्यांचे जाळे पसरले, आणि दिल्लीस जाणारी एक नवी वाट ग्रामीण महाराष्ट्रात तयार झाली. वसंतदादा पाटील सांगलीतून, बाळासाहेब विखे पाटील कोपरगावातून याच मुशीतून गेले. सोलापूरच्या न्यायालयात शिपाई म्हणून कामास लागलेले सुशीलकुमार शिंदे केंद्रीय गृहमंत्री झाले, हेही याच महाराष्ट्रात घडले. परंतु कालांतराने जी वाट शेतकऱ्याच्या मुलासाठी खुली झाली होती, तीच पुष्कळ ठिकाणी ठरावीक घराण्यांची वहिवाट झाली. वडिलांचा वारसा चालविणे हा दोष नव्हे, आणि अनेक वारसांनी तो कष्टाने सार्थ केला आहे. परंतु कायद्याने खालसा झालेली वतने उमेदवारीच्या रूपाने परत येऊ लागली, तर शिक्षक, परिचारिका, कामगार आणि अल्पभूधारक यांनी कोणत्या दाराने आत जावे? २०२४ साली ४८ जागांपैकी अवघ्या ७ जागांवर स्त्रिया निवडून आल्या. आणि त्याच निवडणुकीत दिंडोरीने एका शाळाशिक्षकास लोकसभेत पाठविले, म्हणजे दार अगदीच बंद झालेले नाही.

हे दार उघडे ठेवण्याच्या जबाबदारीतून मतदारही सुटत नाही. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना १९५२ साली उत्तर मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्यात पराभव पत्करावा लागला. संसदेत ते राहिले ते राज्यसभेचे सदस्य म्हणून. एवढे थोर पूर्वायुष्य समोर असूनही आपण ते जोखले नाही, ही गोष्ट महाराष्ट्राने कायम स्मरणात ठेवावी. आज सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराचे शिक्षण, मालमत्ता आणि फौजदारी खटले प्रतिज्ञापत्रात नोंदलेले असतात. ते वाचावे, आणि त्यात जे नसते ते, म्हणजे या माणसाने आजवर कोणाचे काम केले आणि कोणाबरोबर केले, हे सभेत उभे राहून विचारावे. २०११ पासून आपल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तेथे पाणी, शाळा आणि रस्ते यांचा कारभार निभावलेल्या हजारो स्त्रियांतून पुढील खासदार निवडावेत, असा आग्रह प्रत्येक पक्षाकडे धरावा. आमच्या मते दिल्लीची वाट रुंद करण्याचा याहून सरळ उपाय नाही.

या अंकातील कथा, कविता आणि लेख याच लोकजीवनातून आले आहेत.  

— संपादक