नाव उसने, हक्क मात्र वतनी

#थ्रेड

बिद्रीच्या सहकारी साखर कारखान्याला दोन नद्यांची नावे आहेत : दूधगंगा-वेदगंगा. त्याच कागल तालुक्यात कागलचा कारखाना छत्रपती शाहूंच्या नावाचा, हमीदवाड्याचा सदाशिवराव मंडलिकांच्या, तर बेलेवाडी काळम्म्याचा सरसेनापती संताजी घोरपड्यांच्या. यांमागे अनुक्रमे घाटगे, मंडलिक आणि मुश्रीफ ही राजकीय घराणी आहेत. ज्यांना ऐतिहासिक आडनाव लाभले नाही, त्यांनीही इतिहासातून नाव उसने आणले, हे नोंदवण्याजोगे.

यावरून 'कोल्हापूरची जनता नावाला भुलते' असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो चूक आहे.

२००९ च्या लोकसभा निवडणुकीत राष्ट्रवादीने विद्यमान खासदार मंडलिकांना डावलून करवीर गादीचे युवराज संभाजीराजे यांना उमेदवारी दिली. पंचाहत्तरीला टेकलेले मंडलिक अपक्ष उभे राहिले आणि सुमारे ४५ हजार मतांनी निवडून आले. कागल हे तर राजर्षी शाहूंचे जन्मघराणे असलेल्या घाटग्यांचे गाव. तेथे हसन मुश्रीफ १९९९ पासून सलग सहा वेळा विजयी झाले. त्यांतील २०१९ व २०२४ चे विजय समरजितसिंह घाटग्यांविरुद्धचेच.

नावाने सरळसरळ घात होतो तो नामसाधर्म्याने. २०१४ मध्ये रायगडमध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी पराभूत झाले आणि त्यांच्याच नावाच्या अपक्षाने ९,८४९ मते घेतली. २०१५ पासून मतदान यंत्रावर उमेदवारांची छायाचित्रे आली. वारशाने आलेल्या नावावर मात्र असा सोपा उपाय नाही.

२०२४ ची कोल्हापूरची लढत पाहा. एका बाजूला छत्रपती शाहू शहाजी, दुसऱ्या बाजूला सदाशिवरावांचे पुत्र संजय मंडलिक. दोघांचीही नावे वारशाची. प्रचारात मंडलिकांनी महाराजांच्या दत्तक असण्यावर बोट ठेवले. इतिहासाच्या अज्ञानाचा याहून ठळक नमुना शोधूनही सापडणार नाही. विद्यमान महाराज १९६२ मध्ये दत्तक आले, हे खरे. पण राजर्षी तरी कोण होते? कागलचे यशवंतराव घाटगे. १८८४ मध्ये ते दत्तक गेले, तेव्हा 'शाहू' हे नाव त्यांना मिळाले. दत्तकविधानाने हक्क बुडत असेल, तर सर्वांत आधी राजर्षींचाच बुडेल.

गादीच्या भाटांनी मात्र यावर टाळ्या पिटू नयेत. दत्तकविधानातून मिळालेल्या त्या नावाला आजचे वजन आले ते २६ जुलै १९०२ च्या आदेशाने, ज्यात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या गेल्या. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाने. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाने. ते वजन रक्ताने आले नाही आणि दत्तकपत्रानेही पुढे सरकत नाही. महाराज दीड लाखाहून अधिक मतांनी जिंकले; पण केवळ नावाने जिंकता आले असते, तर २००९ मध्येच युवराज जिंकले असते.

बिद्री परिसरात तर 'पाटील' या आडनावाने ओळखच पटत नाही, इतके पाटील आहेत. म्हणून आद्याक्षरे हेच नाव : 'के. पी.', 'ए. वाय.' डिसेंबर २०२३ मध्ये के. पी. पाटलांनी बिद्री कारखान्याची सत्ता राखली. वर्ष उलटायच्या आत, ज्या राधानगरी मतदारसंघात कारखान्याचे कितीतरी सभासद आहेत, तेथे हेच दोघे विधानसभेला उभे राहिले. दोघेही हरले, प्रकाश आबिटकर तिसऱ्यांदा आमदार झाले.