वृद्धाश्रमातील रात्र
वृद्धाश्रमाची पारख रात्री करावी. शुभ्र भिंती व फुललेली बाग पाहून पाहुणे संतुष्ट होतात. परंतु मध्यरात्री न्हाणीघराकडे निघालेल्या आजोबांच्या वाटेवर दिवा आहे काय, धरावयास कठडा आहे काय, हे कोण पाहतो? ओल्या फरशीवर पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, की अंथरूण धरावे लागते. मग दर दोन तासांनी कूस न बदलल्यास पाठीला जखमा होऊ लागतात. २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात १५० निराधार वृद्धांसाठी निदान एक आश्रम असावा, अशी तरतूद आहे. खाटा कोणासही मोजता येतात. रात्री जागणारे सेवक किती, हे तपासनिसाने विचारले पाहिजे. वृद्ध पडू नयेत म्हणून दाराला बाहेरून कडी घालणे, हा तर निव्वळ आळस होय.