हौदा किती लांब असावा?

अमेरिकेत मध्यम आकाराचा पिकअप ट्रक घेणाऱ्यापुढे एक प्रश्न उभा राहतो: हौदा ५ फुटी घ्यावा की ६ फुटी? प्रश्न क्षुल्लक भासतो. परंतु सुताराच्या दृष्टीने तो पोटापाण्याचा आहे. तेथे घरबांधणीचे लाकूड बहुधा ८ फूट लांबीचे मिळते. ६ फुटी हौद्याचा मागचा फाळका पाडला की सुमारे दोन फुटांचा आधार वाढतो आणि लाकूड जवळजवळ पूर्ण टेकते. ५ फुटी हौद्यात तेच फूटभर अधांतरी राहते.

अर्थात लांबीलाही मोल द्यावे लागते. २०२४ च्या टोयोटा टॅकोमाच्या चार दारी गाडीत आखूड व लांब हौद्यांमुळे एकूण लांबीत सुमारे १३ इंचांचा फरक पडतो. लांब गाडीला वळण्यास आणि उभी करण्यास अधिक जागा लागते. शहरात ही अडचण रोजची.

खेदाची बाब ही की, निवडीचे स्वातंत्र्यच आकसू लागले आहे. २०२३ साली शेव्हरोले कोलोराडोची नवी आवृत्ती आली, ती चार दारे आणि आखूड हौदा एवढ्याच रूपात. कुटुंबवत्सल ग्राहकाला ते सोयीचे. कारागिराने काय करावे?

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे. पण अंथरूण विकत घेतानाच पाय मोजलेले बरे. वर्षातून एकदा न्यावयाच्या ओझ्यासाठी लांब हौदा बाळगू नये आणि रोजच्या ओझ्याला आखूड हौद्यात कोंबू नये. उत्पादकांनी मात्र दोन्ही मार्ग खुले ठेवावेत. ओझे वाहण्यासाठी जन्मलेल्या वाहनात ओझ्यालाच दुय्यम स्थान मिळणे उचित नव्हे.