आधी उपचार... पण बिल कोणाच्या नावावर?

परीक्षेत कधीच न येणारा एक प्रश्न विचारते. रात्री दोन वाजता गंभीर अवस्थेतला पेशंट हॉस्पिटलच्या दारात आला, तर आधी काय बघावं, नाडी की खिसा?

‘नाडी’ म्हणालात ना? पैकीच्या पैकी मार्क! सुप्रीम कोर्टाने 1989 साली परमानंद कटारा खटल्यात हेच उत्तर दिलं. डॉक्टर सरकारी असो वा खासगी, आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे सोपस्कार नंतर.

पुढे 1992 साली बंगालमध्ये एक शेतमजूर ट्रेनमधून पडला. डोक्याला जबर मार. कलकत्त्याच्या एकामागून एक सरकारी हॉस्पिटलांनी ‘बेड नाही, सोय नाही’ म्हणून त्याला परत पाठवलं. शेवटी खासगीत सुमारे 17 हजार रुपये मोजावे लागले. 1996 साली सुप्रीम कोर्टाने त्याला 25 हजारांची भरपाई दिली आणि सरकारला बजावलं की पैसे नाहीत ही सबब चालणार नाही.

म्हणजे उत्तर तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच सापडलंय. मग घोडं अडतंय कुठे?

गेल्या वर्षी माझ्या रूममेटचं पोट मध्यरात्री असह्य दुखायला लागलं. रिक्षाने एका खासगी हॉस्पिटलात नेलं. काउंटरवरचा पहिला प्रश्न, ‘डिपॉझिट किती भरताय?’ आम्ही तिघींनी पर्सेस उलट्या केल्या, एटीएम शोधलं, तरी आकडा जमेना. मग सरकारी हॉस्पिटल गाठलं. तिथे डिपॉझिट कोणी मागितलं नाही, पण कॅज्युअल्टीत पाय ठेवायला जागा नव्हती. दोन-दोन पेशंट एका स्ट्रेचरवर, निवासी डॉक्टर एकच, आणि त्याच्या अंगावर धावून जाणारे नातेवाईक. पहाटे अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. मैत्रीण आता ठणठणीत आहे.

काउंटरवरच्या माणसाला खलनायक ठरवून मोकळं होणं सोपं आहे. पण खरी गोम अशी की ‘आधी उपचार करा’ असं सगळे सांगतात, ‘पैसे अमुक देईल’ हे मात्र कोणी ठरवत नाही. मग खासगी हॉस्पिटल डिपॉझिट मागतं. सरकारीत तेच बिल पैशांऐवजी तासांनी भरावं लागतं, आणि चिडलेले लोक समोरच्या डॉक्टरवर हात उगारतात. त्यासाठी आपल्या राज्यात 2010 पासून वेगळा कायदा आहे. पण त्या कायद्याने एक तरी खाट वाढते का?

राजस्थानचंच बघा. मार्च 2023 मध्ये तिथे आरोग्य हक्काचा कायदा पास झाला. इमर्जन्सीत आगाऊ पैसे न मागता उपचार, आणि पेशंटला जमलं नाही तर सरकार भरपाई देणार. वाचायला किती छान! पण इमर्जन्सी नेमकी कशाला म्हणायचं आणि भरपाई कधी, कशी मिळणार, यावर खासगी डॉक्टर संपावर गेले. शेवटी लहान खासगी हॉस्पिटलांना सूट देण्याची तडजोड झाली. लोक चुकीचे की डॉक्टर? मला तर दोघांचंही म्हणणं पटतं, आणि म्हणूनच सुधारणा इतकी अवघड आहे.

जिथे पैसे देणारा ठरतो, तिथे निदान सुरुवात तरी होते. 2025 साली केंद्राने रस्ता अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस योजना आणली. सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार. पण अपेंडिक्स काही रस्त्यावर फुटत नाही! हार्ट अटॅक, सर्पदंश, बाळंतपण यांना ही योजना लागू नाही. हीच पद्धत प्रत्येक इमर्जन्सीला लागू करा, अशी मागणी आपण मतदार म्हणून करायला हवी. आणि पैसे वेळेवर पोचतील अशी यंत्रणाही हवी, नाहीतर पुन्हा डिपॉझिट आहेच.

तोपर्यंत काय? तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा आपल्या हॉस्टेलपुरतं तरी आधी ठरवू या. प्रत्येकाकडून वर्षाला शंभर रुपये घेऊन एक इमर्जन्सी फंड. रात्री तो वापरण्याचा अधिकार रेक्टर मॅडम आणि सरांना. जवळच्या हॉस्पिटलशी कॉलेजचं लेखी बोलणं, की हॉस्टेलच्या पेशंटला आधी आत घ्या, पैसे कॉलेज देईल. आणि 108 हा नंबर प्रत्येक मजल्यावर, मोठ्या अक्षरात.

गॅदरिंगच्या डीजेसाठी आपण याहून जास्त वर्गणी काढतो. मग यासाठी का नाही?